खाखऱ्याचा डबा

आमची दीड वर्षाची नात इरा धड चालायच्या आधी चढायला शिकली. उशी दिसली की उशीवर, खुर्ची दिसली की खुर्चीवर.

लेक नीरा सोमवारपासून पुन्हा ऑफिसला जाणार होती. इराला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ठेवायचं की पाळणाघरात, हे ती रविवारी येऊन, घर बघून ठरवणार होती. पोटच्या पोरीने आमची परीक्षा घ्यावी! मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. इरा आली नाही, तर आम्ही दोघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसणार.

आमचे हे गोरव्यातल्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. आठवडाभर घरात ड्रिल मशीन घरघरत होतं. इरा चढली तर अंगावर पडू नये म्हणून कपाट, शोकेस, टीव्ही, सगळं यांनी लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलं. झोके घ्यायचा हिंचकासुद्धा कड्यांसकट उतरवून माळ्यावर टाकला. "आता भूकंप झाला तरी काही हलायचं नाही," म्हणाले.

रविवारी नीरा आली. हे ऐटीत टीव्हीमागचे बोल्ट दाखवत होते, आम्ही वाकून बघत होतो, तेवढ्यात इरा शोकेसच्या तिसऱ्या फळीवर! कशासाठी? तर शोकेसवर खाखऱ्याचा डबा होता. पोरांचा हात पोचू नये म्हणून खाऊ उंचावर ठेवायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत. एवढे बोल्ट ठोकले, आणि डबा तिथेच!

नीराने धावत जाऊन तिला उतरवलं. यांचा चेहरा पडला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

नीराने पोर माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी शोकेस जोराने ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"बाबा, काम एकदम सरस केलंय तुम्ही," ती म्हणाली. "फक्त डबा खालच्या फळीवर ठेवा. वर काही दिसलं नाही, तर ती चढेल कशाला? उद्या नऊला आणून सोडते."

यांनी डबा खाली ठेवला. इराने खाखरा काढला, अर्धा चोखला आणि उरलेला ओला तुकडा आजोबांच्या तोंडापाशी धरला.

जन्मात कुणाचं उष्टं न खाणारा माणूस हा. लग्नात माझा घाससुद्धा नाक मुरडून घेतला होता. तो तुकडा मात्र यांनी खाल्ला आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.