कितव्या मजल्यावर थांबता?

आमच्या इमारतीत एकेचाळीस घरं आहेत, पाच मजले आहेत आणि लिफ्ट नाही. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मागच्या मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. माझी आईसुद्धा, गेली चौदा वर्षं. संध्याकाळी आमच्या दारात आधी डाग काढायच्या औषधाचा वास येतो, मग आई येते.

विद्यापीठातल्या संशोधक मॅडम आमच्या शाळेत आल्या, तेव्हा मुख्याध्यापकांना वाटलं त्यांचा पत्ता चुकला. आमच्या शाळेतून आजवर कुणी डॉक्टर झालेलं नाही. एक जण रुग्णवाहिका चालवतो, त्याचाच आम्हाला केवढा अभिमान. पण मॅडमना आमच्यासारखीच मुलं हवी होती. लोकांची फुप्फुसं कशी आहेत हे त्यांच्याच शेजारच्या मुलांनी विचारायचं, असा त्यांचा बेत. अकरावीतल्या आम्ही सहा जणी निवडल्या गेलो. सातव्या प्रश्नाला निदान दहा घरांनी ‘हो’ म्हटलं, तर श्वास तपासायचं यंत्र इमारतीत येणार, आणि तेही ‘हो’ म्हणणाऱ्यांच्याच घरी जाणार. मला ते यंत्र आईसाठी हवं होतं. समाजसेवा वगैरे नंतर.

सातवा प्रश्न होता: आपणास श्वास घेण्यास त्रास होतो का? पहिल्या मजल्यावरचे इस्त्रीवाले काका दारापर्यंत येताना धापा टाकत होते, आणि धापा टाकतच ‘छे, छे’ म्हणाले. मुकादमाला कळलं की कामावरून घरी, ही सगळ्यांची भीती. फॉर्मवर नाव नसतं, फक्त घराचा नंबर असतो, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. अठरा घरं झाली, अठरा वेळा ‘नाही’.

माझा राग तसाही नाकावरच असतो. एकोणिसाव्या दारात मी सातव्या प्रश्नावर काट मारली आणि विचारलं, “मावशी, वर येताना कितव्या मजल्यावर थांबता?”

“दुसऱ्यावर,” मावशी लगेच म्हणाल्या. “मग चौथ्यावर. तिथे कठड्याला जरा टेकता येतं.”

शेजारीणही मध्ये पडली. ती म्हणे दुसऱ्यावरच पिशवी खाली ठेवते, उगाच चप्पल नीट करते आणि मग पुढे चढते. थांबणं म्हणजे काही आजार नव्हे ना! त्या संध्याकाळी मला नको म्हणायची वेळ आली, इतके लोक जिन्याबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फॉर्म बघून कपाळाला हात लावला. अर्ध्यात प्रश्न बदलला तर सगळं संशोधन पाण्यात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. शांत माणसाशी भांडता येत नाही, तरी मी भांडले. म्हटलं, तुमचं हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, एकदा जिना चढून बघा. त्या खरंच आल्या. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकल्या आणि हसायलाच लागल्या. तिसऱ्यावर आपणही थांबलो, तेव्हा त्याच्या आधी थांबणारेच ‘हो’ म्हणून मोजायचे, असं त्यांनी तिथेच ठरवलं. जुना प्रश्न राहील, त्याखाली माझा येईल, आणि सगळी घरं पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस घरं झाली तेव्हा मोजण्यासारखी सव्वीस निघाली. यंत्र येणार हे पक्कं झालं. राहिलं पाचव्या मजल्यावरचं आमचं घर.

स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, हा नियम. म्हणून आमच्या सहा जणींतली माझी मैत्रीण चष्मिस आली. मी आत भांडी घासत होते, म्हणजे नळ बंद करून हातात पातेलं धरून उभी होते. सातव्याला आई ठणठणीत आवाजात ‘नाही’ म्हणाली. जिन्याच्या प्रश्नाला मात्र ती चष्मिसच्या जवळ सरकली.

“पहिल्यावर,” ती हळूच म्हणाली. “मग प्रत्येकच मजल्यावर. लिही बाई, पण आमच्या पोरीला दाखवू नकोस. कळलं तर शाळा सोडून माझ्या जागी लाँड्रीत उभी राहील. तुला माहितीये ना तिचा स्वभाव.”

मला रडू आलं आणि रागही आला, कारण तिने मला बरोबर ओळखलं होतं. मुकादमाला कधी भेटायचं ते मी तेवढ्यात मनात ठरवूनही टाकलं होतं. पातेलं खाली ठेवून मी बाहेर आले.

“यंत्र आलं की सगळ्यात आधी तू फुंकायचंस,” मी म्हटलं.

“ऐकलंस होय?”

“ऐकलं. आणि मी शाळा सोडत नाही. मॅडमचे अजून बरेच प्रश्न सुधारायचे आहेत.”

आईने माझ्याकडे नीट बघून घेतलं, खरं बोलतेय की नाही ते. चष्मिस फॉर्म पिशवीत घालत होती. आईने तिला पुन्हा खाली बसवलं.

“तो सातवा काढ गं परत,” ती म्हणाली. “तिथे ‘हो’ लिही.”