तळ्याकाठची ओली लाकडं

"ओलीच लाकडं आणलीत ना! अख्ख्या गावाला वाळलेली विकता आणि घरच्या चुलीला ही ओली!"

"ओली? वाजवून बघ की! खणखणतायत."

मोळीवाला आणि त्याची बायको रोज सकाळी असेच सुरू व्हायचे. त्यांचं घर सगळ्यांत खाली, तळ्याच्या काठाला. माझं त्यांच्या डोक्यावर, चढावर. त्या सकाळीही गोठ्यात शेळीची धार काढता काढता मी ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता त्या कटकटीचा.

आमचं तळं ज्वालामुखीच्या पोटात साचलेलं. डोंगर कधी काळी आग ओकून थंड झाला आणि वाटीसारखा खोलगट उरला. तळ्यात ओढा येत नाही, तळ्यातून ओढा जात नाही. मध्यभागी पातेल्याला आधण आल्यासारखे बुडबुडे येतात. काठची माती काळीभोर, कांदा असा पोसतो की बघत राहावं. थंडीत पाणी निळंशार होतं, उन्हाळ्यात हिरवं, आणि कोमट कोपऱ्यात लांबून आलेली पाखरं एका पायावर उभी असतात. इतकं देखणं पाणी मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मोळीवाल्याची म्हातारी आई आम्हा पोरांना सांगायची, "तळं कधीमधी उसासा टाकतं रे. तो उसासा जड असतो, खाली साचतो. पाण्याला गंज चढलेला दिसला की वर पळायचं, मागं बघायचं नाही." आम्ही हसायचो.

आदल्या दिवशी थंडगार वादळ झालं होतं. सकाळी वारा साफ पडला. मी धार संपवून खाली पाहिलं तर पाणी तांबूस. मातीचा गढूळपणा असेल, म्हणून मी सोडून दिलं.

"काडीसुद्धा विझतेय! काड्यापण भिजवल्यात वाटतं! धूर नाही काही नाही आणि माझं डोकं गरगरतंय." ती तणतणत उठली. बसून भांडणं तिला कधी जमलंच नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिल्याशिवाय तिचा आवाज लागायचा नाही.

"आण ती पेटी इकडं," मोळीवाला म्हणाला.

आणि भांडण थांबलं.

ते भांडण असं मध्येच कधी थांबत नसे. हातातलं भांडं तिथंच ठेवून मी उतार धरला. त्यांच्या उंबऱ्याशी कुत्रा झोपल्यासारखा पडला होता, पण माझी चाहूल लागूनही उठला नाही.

आत मोळीवाला उभा होता, हातात पेटती काडी. त्यानं ती चुलीपाशी नेली. विझली. दुसरी ओढली, छातीशी धरली. छान जळत होती. गुडघ्यापर्यंत खाली नेली. विझली. तळ्याचा जड उसासा घरात गुडघ्यापर्यंत साचला होता.

"आई!" तो ओरडला. "आई खाली झोपलीये!"

म्हातारी आतल्या खोलीत चटईवर होती. तिच्या खाटेचा काथ्या तुटला होता आणि बायको रोज सांगत होती, "अहो, खाट विणा, त्यांना जमिनीवर नका झोपवू." तो रोज म्हणायचा, "उद्या."

"श्वास कोंड! वाकून राहू नकोस!" मी ओरडलो. त्यानं आईला उचललं, दोनदा धडपडला, मी दंडाला धरून ओढलं. बायकोला पुढं घालून आम्ही चढ चढलो. वर माझ्या अंगणात म्हातारीला ठेवलं. बायकोनं तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, हाका मारल्या. म्हातारीनं उत्तर दिलं नाही. वर पळा म्हणून सांगणारी तीच, आणि तिलाच आम्ही मेल्यावर वर आणलं.

खाली तळं उन्हात तांबूस चमकत होतं. मला ते तेव्हाही सुंदर दिसलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर खाली कुणी राहिलं नाही. मोळीवाल्यानं माझ्या शेजारीच छप्पर घातलं. खालून फक्त ती खाट आणली, दिवसभर बसून घट्ट विणली आणि भिंतीला उभी करून ठेवली. तिच्यावर तो कुणाला बसू देईना. लाकडं तोडायचा, विकायचा, पण तोंडातून शब्द नाही. सकाळी नुसती शेळीची धार ऐकू यायची. ज्या कटकटीनं डोकं उठायचं, तिच्यासाठी मी कान लावून बसायचो. बायको एकदा माझ्यापाशी रडली. म्हणाली, "भावजी, लाकडं वाळलेलीच होती हो. मी भांडायला उठले म्हणून वाचले. सासूबाई बिचाऱ्या कुणाशी भांडणार?"

मग थंडी पडली. तळं पुन्हा निळं झालं, पाखरं आली. एका सकाळी मी धार काढत होतो. शेजारची चूल धडधडून पेटलेली, ज्वाळा कुडाच्या फटीतून मला इथून दिसत होत्या. आणि तिचा आवाज आला, जरा कापरा, पण चांगला टिपेचा:

"ओलीच लाकडं आणलीत ना!"

मी शेळीची आचळं सोडली. पलीकडे नुसती चूल तडतडत होती. ती पुन्हा म्हणाली, "ऐकलं का? ओली आहेत म्हटलं!"

"वाजवून बघ," मोळीवाला म्हणाला, आणि हुंदका देऊन रडायला लागला.