तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग

लातुरात रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात लक्ष्मम्माची कंबर पार धरली. बावन्न वर्षांची बाई. दिवसभर शिवणयंत्रावर वाकून ब्लाऊज शिवायचे आणि आठ-दहा दिवसांनी टँकर आला की घागरी वर चढवायच्या. नवरा विरूपाक्ष हृदयविकाराचा, त्याला ओझं बंद. तो पेपर उघडून, उदगीर जिल्हा होतो की नाही ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती शिवता शिवता हूं म्हणायची.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवून तिला महादेवीकडे धाडलं. महादेवी देवणीकडची, तिशीची. पुण्यात शिकून आलेली. औसा रोडला तिसऱ्या मजल्यावर ती पिलाटेजचा वर्ग घ्यायची. चटईवर उताणं निजायचं, गुडघे मुडपायचे, श्वास सोडत पोट आत ओढायचं आणि एकेक मणका उचलत कंबर वर न्यायची. लक्ष्मम्माला तिथं बरं वाटे. घरी येऊन यंत्रावर बसली की तासाभरात कळ परत हजर.

महिन्यानं ती म्हणाली, "मॅडम, हितं थांबतंय, घरी पुन्हा दुखायलंय. माझंच कायतरी चुकत असंल."

"मावशी, तुम्ही यंत्रावर बसता कशा, ते दाखवा बरं."

लक्ष्मम्मा स्टुलावर बसली. मान पुढं, पाठीची कमान झालेली. महादेवी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं घागर उचलायलाही लावली. त्या दिवसापासून व्यायामानंतर अर्धा तास नुसतं बसणं, उठणं, उचलणं. स्टूल पुढं ओढायचं, कापड डोळ्यांजवळ आणायचं. घागर अंगाशी धरायची, गुडघ्यांत वाकायचं. एवढंसं काम, पण वर्षानुवर्षांची सवय मोडताना लक्ष्मम्मा थकून जायची.

वैशाखात एकदा ती लवकर आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर महादेवी पायरीवर बसलेली, शेजारी पाण्याचे दोन जार. एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. नळ बंद आहे ना, रोज चढवते." जार बाजूला सारत ती म्हणाली, "दिवाळीपासून दुखतंय, मावशी. कुणाला सांगितलं नाही. शिकवणारीच अशी म्हटल्यावर कोण येणार?"

"आनि तुमचा व्यायाम?"

"तुम्ही सगळ्या गेल्यावर अंगात त्राण राहत नाही."

लक्ष्मम्मा तिच्याजवळ टेकली. एवढी शिकलेली पोर, तीही आपल्यासारखीच दमलेली. तिला वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, जरा हलकंही.

"ऊठ, पोरी. एक जार हितंच राहू दे. दुसरा दोघी मिळून धरू."

दोघी गुडघ्यांत वाकल्या. चार पायऱ्या चढायच्या, टेकायचं, पुन्हा चढायच्या. वर गेल्यावर महादेवी चटईवर निजली आणि त्या दिवशी शिकवायला उठलीच नाही. मोजून श्वास घ्यायला लक्ष्मम्मानंच सांगितलं; इतर बाया तसं करत राहिल्या.

पुढं वर्गातल्या बाया पाळीनं दोघी-दोघी पाणी चढवू लागल्या. मृगापर्यंत लक्ष्मम्माचं दुखणं निम्म्यावर आलं, पुरतं गेलं नाही. यंत्रावरचं बसणं कमी करायचं म्हणून मंगळवारचे ब्लाऊज आता गुरुवारी मिळतील, असं तिनं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. एकदोघी दुसरीकडे गेल्या. तिनं जाऊ दिलं.