माझ्या पट्ट्यावरचं शेवटचं नाव

मी चषक बोलतोय. सोन्याचा नाही, टीव्हीवर मिरवलेलाही नाही. युरोपातल्या बायकांच्या हॉकी क्लबांची एक स्पर्धा होती, तिचा मी चषक. स्पर्धा बंद पडली आणि मी मागे राहिलो.

हॉलंडमधल्या एका चांदीकारांच्या गावात एव्हर्ट नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. "गळलं नाही म्हणजे झालं," असं तो माझ्याबद्दल बायकोला म्हणाला, तेव्हा मला जरा रागच आला होता. पण शहाणा माणूस तो. पुढे पोरींनी माझ्यात बियर ओतली, शॅम्पेन ओतली, एका थंडगार वर्षी तर वाटाण्याचं घट्ट सूप ओतलं आणि ते पुसायला दोन दिवस लागले. माझ्या बुडाशी एक रुंद पट्टा आहे. दरवर्षी जिंकणाऱ्या क्लबचं नाव त्यावर कोरायचं, हा रिवाज.

या बायकांचं मला भारी कौतुक. कोणी नर्स, कोणी बँकेत, कोणी दोन मुलांची आई. खेळून दमडी मिळायची नाही, उलट पदरची रजा जायची. हॉटेल परवडत नसे, म्हणून पाहुणा संघ यजमान क्लबच्या सभासदांकडे उतरायचा. दुपारी जिच्या काठीचा फटका नडगीवर बसला, संध्याकाळी तिच्याच आईच्या हातचे बटाटे खायचे. शिव्या मैदानावर राहायच्या. घरी आल्यावर बर्फाची पिशवी मिळायची.

त्यांच्यात तेरासाचा ला सिनिया नावाचा एक क्लब होता. तेरासा म्हणजे बार्सिलोनाजवळचं, कापड गिरण्यांचं जुनं गाव. तिथल्या लेकी हॉकीची काठी घेऊनच जन्माला येतात, असं म्हणतात. या ला सिनियाने तीन वेळा अंतिम सामना गाठला आणि तिन्ही वेळा तो गमावला. त्यांची कर्णधार रेमेई शाळेत भूगोल शिकवायची. तिसऱ्यांदा हरल्यावर ती माझ्यासमोर उभी राहून पट्ट्यावरची सगळी नावं एकेक करून वाचत होती. मला तिच्याकडे बघवेना.

चौथ्या वेळी सामने हॉलंडमध्ये होते, नदीकाठच्या दे लिंडन क्लबात. तिथली चिटणीस गोंडा, वय बासष्ट. शेजारणीला कॉफी प्यायला बोलवायचं तरी डायरी उघडून तीन आठवड्यांनंतरची तारीख देणारी बाई. क्लब तिच्यावरच चालायचा. गोलच्या जाळीला भोक पडलं तरी सुई-दोरा घेऊन तीच हजर.

नेम असा होता की यजमान क्लबाने विजेत्याचं नाव कोरूनच मला सोपवायचं. अंतिम सामना सणाच्या सोमवारी, त्या दिवशी बाजार बंद. त्यातून नाव कोरणारा एव्हर्ट शुक्रवारी दुपारीच गाडीला कॅराव्हॅन जोडून सुट्टीवर निघणार होता, आणि हॉलंडमध्ये माणसाची सुट्टी देवसुद्धा पुढे ढकलत नाही. गोंडाने विचार केला. दे लिंडन सलग दोन वर्षं विजेते, घरचं मैदान, घरचं गवत. काम वेळेत झालेलं बरं. शुक्रवारी सकाळी तिने माझ्या पट्ट्यावर उरलेल्या एकुलत्या एका जागेत आपल्या क्लबचं नाव कोरून घेतलं. अक्षरं मोत्यासारखी आली होती. बाजारात तुरी आणि कोण कोणाला मारी, ही म्हण त्या गावात नसावी.

सोमवारी मी मैदानाकाठच्या टेबलावर होतो. दोन मिनिटं उरली असताना दे लिंडन दोन-एकने पुढे होतं. मग ला सिनियाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. रेमेईने चेंडू असा हाणला की गोलामागची फळी ठणकन वाजली. बरोबरी. पुढे पेनल्टी स्ट्रोकवर ला सिनिया जिंकलं. त्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि गोंडा माझ्याजवळ येऊन पट्ट्यावर नारिंगी फीत गुंडाळत होती.

फीत घट्ट होती. बसमध्ये बसेपर्यंत कोणाला कळलं नसतं. रेमेई मला उचलायला मंचावर आली, तेव्हा गोंडाने माईक हातात घेतला आणि स्वतःच फीत सोडली.

"हे मी शुक्रवारी कोरून घेतलंय," ती म्हणाली. "आमच्या मुलींना यातलं काही माहीत नाही. चूक माझी एकटीची आहे."

दे लिंडनच्या पोरींनी माना खाली घातल्या. रेमेईने पट्टा वाचला. चार अंतिम सामन्यांची मेहनत, आणि तिथे नाव दुसऱ्याचंच.

"शुक्रवारीच ठरलं होतं, तर आम्हाला उन्हात पळवलंत कशाला?" ती म्हणाली आणि हसली. मग सगळेच हसले. "ठीक आहे. पुढच्या वर्षी मी हा परत आणते. तुम्ही तुमच्या हातांनी हे खोडा आणि तुमच्या हातांनी आमचं नाव कोरा."

पुढचं वर्ष आलंच नाही. हिवाळ्यात पत्र आलं: स्पर्धा बंद, तिच्या जागी नवी मोठी स्पर्धा, चषक शेवटच्या विजेत्याने आठवण म्हणून ठेवावा. आठवण कसली? माझ्या अंगावर त्यांचं नावच नव्हतं. तेरासाच्या सोनाराने दुरुस्ती करून देतो म्हटलं, पण रेमेईने मला कपाटात ठेवलं आणि पाठ फिरवली. इतक्या वर्षांनी जिंकलो आणि जिंकल्याचा पुरावा नाही, हे तिला लागलं होतं. ती ते कोणाला बोलून दाखवत नसे.

दोन वर्षांनी सणाच्याच सोमवारी दुपारी, क्लबात सगळे टोमॅटो चोळलेला पाव खात बसलेले असताना, दारात गोंडा उभी. हातात कातडी पिशवी. तिच्यात तासणी, पॉलिशची काठी आणि कोरायची सळई.

"उशीर झाला," ती म्हणाली. "एव्हर्टने दोन हिवाळे शिकवलं, तरी 'स' नीट जमत नव्हता."

रेमेई उठून दारापाशी आली. "अहो, मी गमतीत म्हटलं होतं."

"तू माईकवर म्हटलं होतंस," गोंडा म्हणाली आणि चष्मा चढवला.

तिने मला मांडीत घेतलं आणि तासायला लागली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू. दे लिंडनची सुबक अक्षरं फिकट होत गेली. बाईचा हात थांबेना, मागमूसही उरू नये अशा जिद्दीने ती घासत होती. तेव्हा रेमेईने तिचं मनगट धरलं.

"पुरे. थोडं राहू द्या."

"चूक आहे ती."

"असू दे. तुम्ही समोर नसता तर आम्ही कोणाला हरवलं असतं?"

गोंडाने चष्मा काढून पुसला, परत चढवला आणि मग कोरायला घेतलं. एक तास लागला. अक्षरं वाकडी आली, 'स' तर पडायच्या बेतात आहे. पण ला सिनियाच्या पोरींनी, ज्यांतल्या बऱ्याच आता कडेवर लेकरं घेऊन होत्या, ते नाव मोठ्याने वाचलं, आणि रेमेई सगळ्यांदेखत रडली.

आता मी इथे कॉफीच्या मशीनवरच्या फळीवर असतो. नव्या मुलींना माझी स्पर्धा ठाऊक नाही, आणि त्याचा मला राग नाही. एवढंच मागणं आहे: मला हातात घ्याल तर पहिलं नाव वाचून खाली ठेवू नका. खिडकीपाशी न्या, जरा तिरका धरा. शेवटच्या जागी वाकड्या अक्षरांत जिंकलेल्यांचं नाव आहे आणि त्याच्या खाली, पुसट, हरलेल्यांचंही.