दादाचं वजन

विमानात बसवण्याआधी माणसाला तराजूवर उभं करावं की नाही, यावर आमच्या गावात दोन तट आहेत. एका तटात माझा मालाकीदादा एकटाच, पण आवाज त्याचाच मोठा. "माणसं काय खोबरं आहेत, वजनावर घ्यायला?" असं तो चर्चच्या पायरीवरून विचारतो. तो गावाचा मुखिया, सभेत बोलण्याचा मान त्याचा. त्याला उलट उत्तर देणार कोण? मी देते. इवलंसं विमान, खाली समुद्र आणि आत आम्ही सामोआची धिप्पाड माणसं. न तोलता बसवणाऱ्याचं डोकं तपासायला हवं.

त्या दिवशी आम्ही दोघं अपिआहून पलीकडच्या बेटावर, पागो पागोला निघालो होतो. दुपारी तिथे आमच्या आत्याला मुखियाचा किताब मिळणार होता. माझ्या मांडीवर गुंडाळलेली चटई होती, अशा प्रसंगी मानाने द्यायची, कापडासारखी मऊ. विणायला मला आत्यानेच शिकवलं. ती चटई माझ्या हाताने तिच्यापुढे उलगडायची, एवढीच माझी हौस.

विमानतळावर तराजूपाशी लागी होती, आमच्याच गावची लेक. तिने सगळ्यांना पटापट चढवलं. मला चटईसकट तोललं आणि म्हणाली, "वाइओलाताई, घरी जेवायला घालत नाहीत का?" दादाची पाळी आली तशी तिने मान खाली घातली. मुखियाला 'चढा' म्हणायला तिची जीभ रेटेना.

"आपलं वजन किती असेल, काका?"

दुसरीकडे लोक असल्या वेळी चार किलो चोरतात म्हणे. आमच्याकडे किडकिडीत मुखियाला कोण विचारतं? दादाने छाती फुगवली. "एकशे साठ!"

लागीने बेरीज केली, परत केली. "जास्त होतंय. एकाला थांबावं लागेल. ताई, तुमचं नाव शेवटी आहे…"

"चटई दे इकडे," दादा म्हणाला. "मी देतो आत्याला. तू उद्या ये."

माझं डोकंच सणकलं. वर्षभर त्याची साखर वाढलेली, जेवण अर्ध्यावर आलेलं. पोट दिसावं म्हणून लुंगीच्या आत तो आणखी दोन लुंग्या गुंडाळतो, हे त्याचे कपडे धुणाऱ्या मला ठाऊक नाही होय?

"दादा, तराजूवर चढ."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाहीतर मी इथेच उन्हात बसते आणि तोंडाला येईल ते बोलते."

आमच्यात बहिणीचा तळतळाट भावाच्या लेकराबाळांना लागतो. दादाचा चेहरा पडला. तो माझ्या कानाशी आला. "लोक हसतील गं. मुखिया वाळला म्हणतील."

एवढा घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याचा हात धरला. "हसू दे. हसणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

तो चढला. काटा एकशे बारावर थांबला. वैमानिक काटा बघायला पुढे वाकला. मग तोच ओरडला, "अरे वा! ताई पण चला, आणि त्या मागे ठेवलेल्या तारोच्या कंदांच्या टोपल्याही आणा!" टोपल्यावाल्या म्हातारीने "चीऽहूऽ!" करून आरोळी ठोकली, तशी अख्खी शेड ओरडायला लागली. कुणीतरी दादाची पाठ थोपटली. लागी तर टाळ्याच पिटत होती.

दुपारी मी आत्यापुढे चटई उलगडली. वारा शिरून ती फुगली, आणि "साओ! साओ!" अशी वाहवा करत सगळं अंगण गर्जलं. आत्याने कड बोटांनी चाचपली, वीण ओळखली आणि मला जवळ ओढलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग दादा भाषणाला उभा राहिला. लुंगी एकच. आवाज तोच, पार समुद्रापर्यंत जाणारा.

"ही चटई माझ्या बहिणीने विणली," तो म्हणाला, "आणि तिला इथे आणायला मी अठ्ठेचाळीस किलो थापा विमानतळावर उतरवून आलोय!"