हिरव्यात फक्त हिरवं

आमच्या वरच्या वस्तीत सात घरं. खाली फ्यांग गाव, तिथून लेहला चांगली सडक आहे. फ्यांगपासून आमच्यापर्यंत येते ती नुसती चढाची वाट, आणि बर्फ पडलं की तिच्यावरून एकच गाडी चढते. आमची जीप. आमची म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्सेतानची. तो जाऊन चार हिवाळे झाले, पण सगळे अजून 'त्सेतानची जीप' असंच म्हणतात. मीही तसंच म्हणते.

जीप घेतली तेव्हा रेडिएटरमध्ये साधं पाणी असायचं. आमच्या थंडीत ते रात्रभर तसंच ठेवलं तर गोठून इंजिनाला तडा जातो. म्हणून रोज संध्याकाळी खालच्या दोन्ही तोट्या उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं आणि सकाळी उकळतं पाणी पुन्हा भरायचं. सोडायचं काम त्याचं, उकळायचं माझं. उजाडायच्या आधी मी चुलीत शेण्या आणि विलोच्या काटक्या घालून दोन पातेली चढवायची. तो दारात हात चोळत उभा राहायचा. जीपला तो गमतीनं माझा थोरला म्हणायचा.

"कुन्झेस, तुझा थोरला उठत नाहीये. पाज त्याला काहीतरी गरम."

"थोरला तुझ्यावर गेलाय. ऊन येईपर्यंत हलणार नाही."

पाणी ओतताना वाफेत त्याचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. आज कुठे जायचंय, कोण बरोबर आहे, परत कधी, असं सगळं बोलणं त्या वाफेतच व्हायचं.

मग मोरुप, आमचा मुलगा, तिसरीत गेला त्या वर्षी त्सेताननं लेहहून एक कॅन आणला. हिरवंगार पाणी. "हे कूलंट. कितीही थंडी पडू दे, गोठायचं नाही. आता तू खुशाल झोप." दोन दिवस मी झोपले. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला जाग आली, आणि उकळायला काही नव्हतं. त्या हिवाळ्यापासून सकाळचं आमचं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं काही. कारण उरलं नव्हतं, एवढंच.

त्याचा एक नियम होता. रेडिएटरच्या झाकणावर त्यानं हिरव्या रंगाचं कडं काढलं होतं आणि मला सांगून ठेवलं होतं, "हिरव्यात फक्त हिरवं. हाच कॅन, हेच नाव. दुसरं कुणी काही ओतायला आलं तर झाकणावर हात ठेव."

हात ठेवणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. घरी आलेल्याला चहा ओतताना तो 'नको' म्हणतोच. दोनदा तरी म्हणावंच लागतं, नाहीतर माणूस हावरट दिसतो. त्या 'नको'कडे कुणी लक्ष देत नाही, ओतणारा ओततोच. खरंच नको असेल तर पेल्यावर पालथा हात ठेवायचा. मग मात्र कुणी आग्रह करत नाही.

त्सेतान गेल्यावर जीप अंगणात उभी राहिली. मला चालवता येत नाही. सुरू करता येते. त्यानं शिकवलं होतं, कारण थंडीत दोन-चार दिवसांनी इंजिन फिरवलं नाही तर बॅटरी बसते. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. आमचीच कुलदेवता मानणाऱ्या घरांपैकी दोघं जीप चालू ठेवायला स्वतःहून येऊ लागले. आमच्यात कुणी गेलं की त्या घराची कामं ही घरंच उचलतात.

एक गुरमेत, मला आचे-ले, म्हणजे ताई, म्हणणारा. लेहला शाळेत मास्तर, रविवारी घरी येतो. त्याची छोटी गाडी खाली फ्यांगलाच राहते. दुसरा नवांग, सडकेच्या कामावर टिपर चालवणारा, पस्तिशीतला, मला आबी-ले, म्हणजे आजी, म्हणणारा. त्याची सुट्टी गुरुवारी. म्हणजे माझ्या आठवड्यात दोन दिवस माणसं होती. बुधवारी आणि शनिवारी मी खांबीर, म्हणजे आमच्या जाड रोट्या, भाजायची, लोणी घालून चहा घुसळून ठेवायची.

पहिल्या हिवाळ्यात गुरमेतनं झाकण उघडून पाहिलं. "आचे-ले, बोटभर कमी आहे. माझ्याकडे गाडीचं कूलंट उरलंय थोडं, घेऊन येतो."

"नको रे, असू दे."

"असू दे काय? दादा असता तर एक थेंब कमी ठेवला नसता त्यानं."

"नको, गुरमेत. उगाच तुझं कशाला."

त्यानं आणलं. गुलाबी होतं. मी पाहिलं. माझा हात शालीच्या आत होता, तो मी बाहेर काढला नाही. तो ओतताना किती खूश होता! नंतर दोन पेले चहा प्याला, शाळेतल्या गमती सांगितल्या, ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बसला. मी 'भरलेलं आहे, काही लागणार नाही' म्हटलं असतं तर तो पुढच्या रविवारी कशासाठी आला असता?

नवांगचं निळं होतं. "आबी-ले, टिपरचं आहे, दणकट! मोठ्या इंजिनाचं टॉनिक." त्यालाही मी दोनदा 'नको' म्हटलं. जुना पाइप थोडं थोडं गाळायचा, त्यामुळे ओतायला नेहमी जागा असायची. गुरमेतला निळ्याचं माहीत नव्हतं, नवांगला गुलाबीचं. मला दोन्हींचं होतं.

असे तीन हिवाळे गेले. या वर्षी कार्तिकात मोरुपचा चंदीगडहून फोन आला. तो तिथे बँकेत आहे. सून, नात, दोन खोल्या, बाल्कनी.

"आमा-ले, या हिवाळ्यात तू इकडे यायचंस. तुझं ब्लडप्रेशर, आणि तिथे वर एकटी. काही झालं तर?"

"काही झालं तर जीप आहे."

"ती चालते तरी का?"

"घोड्यासारखी."

"बरं. डॉक्टरांनी बोलावलंय ना तुला? पहिलं बर्फ पडल्यावर जीपनं लेहला जाऊन ये. जीप नीट गेली आणि नीट आली, तर राहा. नाही आली, तर मी तिकीट काढणार. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण?"

मी चंदीगडला एकदा राहून आलेय. सगळे प्रेमानं वागतात. दुपारी घरात कुणी नसतं, आणि खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. इथेही दुपारी कुणी नसतं, पण समोर माझी भिंत आहे, माझे जर्दाळू आहेत, कुठलं झाड कुणी लावलं ते मला माहीत आहे.

बर्फ पडलं. रविवारी गुरमेत चालवायला आला. सकाळी जीप एका झटक्यात सुरू झाली. निघालो. फ्यांगपर्यंत मी मनातल्या मनात मोरुपला उत्तरं देत होते. मग पाय गार पडायला लागले.

"गुरमेत, हीटर लावलास ना?"

"पूर्ण लावलाय, आचे-ले." त्यानं जाळीसमोर हात धरला. "गार वारा येतोय. असं कसं?"

मला समोरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा दिसत होता. तो चढत होता. बाहेर सगळं पांढरं, आत आमचे श्वास दिसतायत, आणि इंजिन मात्र तापलेलं. सडकेवरच्या पहिल्या चढावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गुरमेतनं जीप कडेला घेतली. गुरमेतनं नवांगला फोन केला. तो टिपर घेऊन आला, दोर बांधला, आणि आम्ही तसेच ओढत ओढत बाकिर उस्तादच्या गॅरेजात गेलो. बाकिर कारगिलचा. त्सेतान असल्यापासून जीप त्याच्याकडेच.

इंजिन निवल्यावर त्यानं झाकण काढलं आणि वाकून आत पाहिलं. मग बोट घालून बाहेर काढलं. बोटावर तपकिरी, दाट, लिबलिबीत काहीतरी होतं.

"जुले, आमा-ले. गाडीला थुकपाचं सूप कुणी पाजलं?"

गुरमेत आणि नवांग दोघंही ते बोट बघायला पुढे झाले.

"सांगा की. हे आपोआप होत नाही. काय काय ओतलंत?"

"मी थोडंसं कूलंट घातलं होतं," गुरमेत म्हणाला. "चांगल्यापैकी. गुलाबी."

"गुलाबी?" नवांग वळला. "मास्तर, ही हिरव्याची गाडी. तुम्ही शिकलेली माणसं ना?"

"आणि तू काय घातलंस?"

नवांगनं टोपी सारखी केली. "निळं."

"वा!" बाकिर म्हणाला. "पिवळं राहिलं. घातलं असतंत तर प्रार्थनेचे झेंडे झाले असते गोम्प्यावर लावायला." त्यानं बोट फडक्याला पुसलं. "ऐका. रंग नुसता ओळखीला असतो, कंपनी बदलली की रंगही बदलतो. डब्यावरचं वाचायचं असतं. गंज धरू नये म्हणून प्रत्येकात औषध असतं, आणि ते वेगवेगळं. एकाचं औषध दुसऱ्याचं औषध मारतं. मग गंजही लागतो आणि असा चिखलही बसतो. हीटरच्या नळ्या सगळ्यांत बारीक, त्या आधी तुंबल्या. नंतर रेडिएटर. अजून दहा किलोमीटर रेटली असती तर इंजिन गेलं असतं."

"मी दर वेळी विचारून घातलं," गुरमेत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मीही विचारून," नवांग म्हणाला. "आबी-ले, तुम्ही सांगायचं ना, नको म्हणून."

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

"दोनदा म्हटलंत! दोनदा तर सगळेच म्हणतात!"

बाकिर माझ्याकडे बघत होता. त्याला ते झाकणावरचं हिरवं कडं माहीत होतं, ते काढायचा रंग त्याच्याच गॅरेजातला होता. मी शालीतून हात बाहेर काढला.

"यांचा दोष नाही. मला माहीत होतं. त्सेताननं सांगून ठेवलं होतं. मी झाकणावर हात ठेवायला हवा होता, ठेवला नाही."

"पण का, आचे-ले?" गुरमेतनं विचारलं.

मी इतकंच म्हणाले, "चहा एकटीनं प्यावा लागला असता."

गुरमेत खाली बघायला लागला. नवांग टिपरमधला दोर गुंडाळायला गेला. तो आधीच गुंडाळलेला होता.

जीप आठवडाभर बाकिरकडे राहिली आणि मी लेहलाच; डॉक्टरांकडेही जाऊन आले. बाकिरनं रेडिएटर उतरवला, पाइप बदलले, पुन्हा पुन्हा पाण्यानं धुतलं. हीटरमधूनही आता वारा गरम येत होता. काढलेल्या चिखलावर त्यानं राख टाकली, नाहीतर कुत्री गोड म्हणून चाटतात आणि मरतात. मला बोलावून म्हणाला, "आतल्या कोपऱ्यांत अजून थोडं असेल. त्यावर नवीन कूलंट घातलं तर तेही नासेल. आणि तुमचं ते हिरवं बाजारात नाही, हिवाळ्यानंतर रस्ता उघडल्यावर येईल. तोपर्यंत साधं पाणी. रोज सोडायचं, रोज भरायचं. पाण्याबरोबर राहिलेलंही निघेल. जमेल?"

"जमेल."

त्याच संध्याकाळी मोरुपचा फोन आला तेव्हा मी आमच्या जीपमध्ये, चालवणाऱ्या गुरमेतच्या शेजारी बसले होते. आम्ही वस्तीचा चढ चढत होतो.

"आमा-ले, गुरमेत-लेंनी मला सगळं सांगितलं. रोज पाणी कोण सोडणार? कोण भरणार? कोण सुरू करणार?"

"मी."

"तुला सुरू करता येते?"

"तुझ्या बापानं शिकवलं होतं. वीस वर्षं झाली."

गुरमेतनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाटेकडे. पलीकडे मोरुपनं नातीला 'थांब जरा' म्हटलं. मग म्हणाला, "गेली आणि आली ना जीप?"

"आली. हे बघ, अंगणात शिरलो."

"मग राहा," तो म्हणाला. तो शब्दाचा पक्का आहे, बापासारखा.

तर मी राहिले. दुपारी ऊन कड्यामागे गेलं की मी अंगणात जाते, दोन्ही तोट्या उघडते. पाणी पहिले काही दिवस चहासारखं यायचं, आता जवळजवळ स्वच्छ येतं. शेवटचा थेंब पडेपर्यंत उभी राहते. सकाळी दोन पातेली चढवते. ओतताना वाफ येते. मी वाफेत सांगते, आज कुठे जायचं नाही. मग किल्ली फिरवते आणि काटा मधोमध येईपर्यंत त्सेतानच्या जागेवर बसते. हीटरचा वारा गुडघ्यांना छान लागतो.

गुरुवारी नवांग येत नाही. सडकेवर काम फार आहे म्हणे, असेलही. रविवारी गुरमेत त्याच्या स्वतःच्या घरी येतो. त्याच्या धुराड्याचा धूर मला दिसतो. जीपला आता कुणाची गरज नाही आणि तो भला माणूस आहे, कारण नसताना एकट्या बाईच्या घरी येऊन बसणार नाही. माझ्यावर रागावलाय की स्वतःवर, मला कळत नाही.

काल शनिवार होता. मी खांबीर भाजले. आज सकाळी धूर दिसला तसा फोन लावला.

"गुरमेत, जीप ठीक आहे. जीपला काही नकोय. चहाला ये."

"नको, आचे-ले, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? घुसळून ठेवलाय."

"नको, खरंच. पेपर तपासायचेत."

दोनदा झालं. समोर असता तर मी त्याच्या हाताकडे पाहिलं असतं. फोनवर हात दिसत नाही. चुलीवर चहा गरम होत होता, पलीकडे त्याच्या घरात कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"गुरमेत," मी म्हणाले, "ये."