टीव्हीखालची खुर्ची

“हिले कसाले ट्रॅक्टरवर लई ऱ्हायना, हिलाल? आठे लोकेस्ले जागा नही!” पुरातून निघालेल्या ट्रॅक्टरवर शेजारचे तोतारामनाना माझ्याच पाठीला टेकून कुरकुरत होते.

मित्रांनो, ती नकोशी मीच. मी एक जुनी बाभळीची खुर्ची आहे. माझ्या बैठकीत मधोमध गोल भोक आहे. हसू नका. वच्छलाक्काचा खुबा मोडला आणि तिला उकिडवं बसता येईना, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, उखर्डूबाबांनी, ते पटाशीनं कापलं. काचेच्या तुकड्यानं कडा घासली, म्हातारीला टोचू नये म्हणून. खाली बादली ठेवली की झालं. पहिल्याच दिवशी आक्का म्हणाली, “आते माले कोनले हाका मारनी गरज नही.”

एवढं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही. बाबा गेले. पाहुणे आले की त्यांचा मुलगा हिलाल मला गोठ्यात लपवी आणि लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडी. त्या लग्नाला जात, बारशाला जात. मी जळत बसे.

पण माझा खरा वैरी टीव्ही. पुराचं पाणी गावात शिरलं तेव्हा हिलालनं त्याला गोधडीत गुंडाळून लेकरासारखं छातीशी धरलं. मी भिजत आले. उंचावरच्या शाळेत एका वर्गात पाच घरं राहिली. फरशी ओली, म्हणून हिलालनं माझ्या भोकावर फळी टाकली, वर चादर अंथरली आणि त्यावर टीव्ही बसवला. वीज नव्हती, तरी महाराजांची ऐट बघावी!

दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याहून मदतवाले आले. खिचडी वाटली, बिस्किटं वाटली. बिस्किटाच्या पुड्याचासुद्धा फोटो निघाला. माझा कोण काढतो?

मग माझं लक्ष आक्काकडे गेलं. ताट तसंच होतं. ओठ सुकले होते.

“आजी, दोन घास खा ना,” मदतवाली रोशनी म्हणाली.

“भूक नही, बेटा.”

“पाणी तरी?”

“तहान नही.”

“तिले घरनी चिंता शे,” नाना म्हणाले. हिलाल खिडकीबाहेर बघत राहिला.

शाळेचा संडास अंगणापलीकडे, गुडघाभर चिखलात, आणि तोही उकिडवं बसायचा. आक्काला ते ठाऊक होतं, हिलाललाही. पण भरल्या वर्गात, चार पुरुषांपुढे, बोलणार कोण? मित्रांनो, खुर्चीला पाठ असते, पाय असतात, हातही असतात. तोंड तेवढं नसतं. तुम्हाला आहे. घर सोडताना म्हाताऱ्या माणसाला रोज काय लागतं ते आधी उचला, आणि उचललंत तर झाकू नका.

तिसऱ्या सकाळी उठता उठता आक्काला घेरी आली. भिंत धरून ती खाली घसरली. सगळे वारा घालू लागले.

हिलालची बायको ज्योत्स्ना मात्र माझ्याकडे आली. तिनं टीव्ही उचलला आणि सरळ ओल्या फरशीवर ठेवला. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

“अवं, भिजी जाई ना तो!” हिलाल ओरडला.

“भिजू द्या.” तिनं चादर ओढली, फळी काढली. माझं भोक सगळ्या गावासमोर उघडं पडलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, “आक्काले संडासले बसाले हाई खुर्ची लागस. तुम्ही ती झाकी दिन्ही, म्हनीसन आक्का दोन दिनपाईन पानी पेत नही. आते बठ्ठा जन बाहेर निंघा, आनि माले एक बादली द्या.”